ओल्या गवतातले ते पांढरे फूल ऑर्किड आहे का? नाशिकच्या पाणथळ जागांवरील ऑर्किड असे ओळखा

जानेवारीत कालव्याच्या कडेला, ओल्या गवतात वीतभर उंचीचे एक रोप दिसते. शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचा तुरा असतो. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि तासाभरात तीन उत्तरे येतात. एकाच्या मते ते गवत, दुसऱ्याच्या मते दुर्मीळ ऑर्किड, तर तिसरा मोबाइलमधल्या अॅपने दिलेले नाव जसेच्या तसे चिकटवून मोकळा होतो. संध्याकाळपर्यंत 'नाशिकमध्ये सापडले दुर्मीळ ऑर्किड' अशी पोस्ट जागेच्या नकाशासह फिरू लागते. येत्या रविवारी तिथे चार माणसे पोहोचतात आणि त्यातला एखादा घरच्या कुंडीत लावायला म्हणून रोप मुळासकट उपटतो.

यातली मूळ चूक क्रमाची आहे. आधी ते ऑर्किड आहे का हे पाहायचे, मग कोणते ते, आणि दुर्मीळ आहे की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बहुतेक पोस्ट नेमक्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतात.

आधी एक गैरसमज

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आमरी म्हटले की आंब्या-जांभळाच्या फांदीवर लोंबणारे गुलाबी घोस डोळ्यांपुढे येतात. झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ समजणारेही पुष्कळ. पण झाडावरच्या आमरी झाडाचा फक्त आधार घेतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घुसवून त्याचा रस घेते. दुसरी गोष्ट अशी की सह्याद्रीतल्या कितीतरी आमरी झाडावर वाढतच नाहीत. त्या जमिनीत, कंदातून किंवा जाड मुळांतून उगवतात, काही आठवडे फुलतात आणि परत मातीआड होतात. पाणथळ जागी दिसतात त्या याच. त्यांना जमिनीवरच्या किंवा भुईआमरी म्हणता येईल. फुलवाल्याकडच्या जांभळ्या ऑर्किडची प्रतिमा डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाच्या पायाखाली या हमखास येतात.

ऑर्किड आहे की नाही: फुलात काय पाहायचे

फूल कितीही लहान असो, रचना तीच असते. बाहेर तीन निदले, आत तीन पाकळ्या. या तीन पाकळ्यांपैकी एक इतर दोघींपेक्षा स्पष्ट वेगळी असते: रुंद, जाड, वेगळ्या रंगाची, फाटे फुटलेली किंवा झालर असलेली. तिला ओठ म्हणतात. बहुतेक फुलांत ती खालच्या बाजूला असते आणि कीटकाला उतरायला जागा करून देते.

दुसरी खूण अधिक खात्रीची. साध्या फुलात मधोमध पुंकेसरांचा झुपका आणि त्यातून डोके काढणारी एक कुक्षी दिसते. ऑर्किडमध्ये हे सगळे एकत्र जुळून एकच आखूड खांब झालेला असतो. त्याला स्तंभ म्हणतात. पराग भुकटीसारखे सुटे नसतात, त्यांचे गोळे बनलेले असतात. जास्वंदीला हात लावला की बोटाला पिवळी पूड लागते, तशी ऑर्किडच्या फुलाला लागत नाही.

तिसरी खूण मागच्या बाजूला. फुलाचा देठ वाटतो तो बऱ्याचदा देठ नसतो, तो बीजकोश असतो. तो फुलाच्या खाली असतो आणि बहुतेक ऑर्किडमध्ये पीळ घातलेला दिसतो. कळी उमलताना फूल अर्धे वळते आणि वरचा ओठ खाली येतो, त्याचा हा पीळ. भिंग नसले तरी मोबाइलच्या जवळच्या फोटोत तो ओळखू येतो.

पानावरच्या शिरा साधारणपणे समांतर धावतात. पण एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण गवत, हळद, मुसळी, कळलावी या सगळ्यांच्या शिरा समांतरच असतात.

या खुणा लावून पाहिल्या की नेहमीचे फसवे उमेदवार गळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला माळावर पांढरी फुले काढणारी फोडशी किंवा मुसळी घ्या: सहा जवळपास सारख्या पाकळ्या आणि सहा सुटे पुंकेसर, म्हणजे ऑर्किड नाही. तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी नळी असते, त्यामुळे तो अनेकांना चकवतो. पण त्याच्या पानावर शिरांची जाळी असते आणि कडा करवती असतात. सीतेची आसवे या नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीलाही ओठ आणि शेपटी दोन्ही असतात; तिचे निळे-जांभळे फूल पाहून ऑर्किड म्हणणारे कमी नाहीत. तिथे स्तंभ शोधावा, तो सापडत नाही. धरणाच्या फुगवट्याजवळ गुलाबी-पांढरे तुरे काढणारी शेरल तर दुरून अगदी ऑर्किडसारखी दिसते. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर पातळ पापुद्र्याची नळी असते. ती दिसली की शोध तिथेच संपवावा.

हिवाळ्यात दिसले तर: झ्यूक्सिन

नोव्हेंबरनंतर सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या बहुतेक आमरी वाळून गेलेल्या असतात. मग डिसेंबर ते मार्च या काळात ओल्या गवतात छोट्या पांढऱ्या फुलांचे ऑर्किड दिसले, तर सगळ्यात आधी एक नाव तपासायचे: झ्यूक्सिन स्ट्रेट्यूमॅटिका. ही आमरी महाराष्ट्राच्या वनस्पतींत नोंदलेली आहे. तिचा पसारा अफगाणिस्तानपासून जपानपर्यंत आहे. नदीनाल्याचे काठ, कालव्याच्या कडा, भातखाचरांचे बांध, पाणी झिरपणारी कुरणे या तिच्या आवडत्या जागा.

तिचे रोप चार बोटांपासून वीतभरापर्यंत वाढते. पाने अरुंद, टोकदार, बिनदेठाची, तळाशी खोडाला वेढून बसलेली. फूल नसताना ती गवतापासून वेगळी काढणे जवळपास अशक्य. उघड्या उन्हात वाढलेल्या रोपाची पाने आणि खोड तांबूस-तपकिरी होते, आणि हिरव्या गवतात हा मातकट रंगच तिची पहिली चाहूल देतो. शेंड्याला फुलांचा दाट तुरा. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याहून फार मोठे नसते आणि पूर्ण उघडतही नाही. वरची निदले-पाकळ्या पांढऱ्या, एकमेकांना चिकटून टोपीसारख्या झालेल्या. त्याखाली पिवळा, मांसल ओठ. प्रत्येक फुलाजवळ एक लांब, टोकदार, बहुधा गुलाबीसर छद असतो आणि तो फुलाच्या वर डोकावतो. मागे लांब शेपटी नसते; ओठाच्या बुडाशी फक्त छोटा फुगीर भाग असतो. पांढरी टोपी, पिवळा ओठ, शेपटी नाही, पान गवतासारखे आणि महिना थंडीचा: या पाच गोष्टी एकत्र जुळल्या तर उत्तर बऱ्याच अंशी मिळाले असे समजावे.

गोंधळ होऊ शकतो तो स्पायरँथसशी. तेही ओल्या कुरणातले, तेवढेच सडपातळ. पण त्याची फुले दांडीभोवती जिन्यासारखी गोल फिरत वर चढतात, बहुधा गुलाबी-पांढरी असतात आणि ओठाची कड चुणीदार असते. झ्यूक्सिनचा तुरा असा फिरत नाही.

नावाची गंमतही सांगण्यासारखी आहे. झ्यूक्सिन हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'जोखडणे' या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण ओठ आणि स्तंभ तळाशी एकमेकांना जोडलेले असतात. स्ट्रेट्यूमॅटिकाचा संबंध सैन्याशी लावला जातो. ओळीने उभ्या राहिलेल्या रोपांकडे पाहिले की तो पटतो. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला नाव दिले तेव्हा ती ऑर्किस या प्रजातीत गणली जात होती. झ्यूक्सिन ही वेगळी प्रजाती पुढे जॉन लिंडली यांनी केली. विसाव्या शतकात ही आमरी अमेरिकेतल्या फ्लोरिडात जाऊन पोहोचली आणि तिथल्या बंगल्यांच्या हिरवळीत इतकी पसरली की तिला हिरवळीचे ऑर्किड असेच नाव पडले. परागीभवन न होताही ती बी धरू शकते, त्यामुळे नव्या जागी एकटे रोपही पुरते.

पावसाळ्यात दिसले तर

जून ते ऑक्टोबर हा काळ वेगळा, आणि तेव्हा नाशिक जिल्ह्याची पश्चिम बाजू पाहायची. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा पट्टा भरपूर पावसाचा आणि भातशेतीचा. पूर्वेकडचे येवला-सिन्नर त्यामानाने कोरडे. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या परिसरातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चार महिने पाणी झिरपत राहते. वर्षभर पाणी नसले तरी वनस्पतींच्या दृष्टीने ही पाणथळच जागा. अंजनेरी वनस्पतींच्या अभ्यासकांना परिचित आहे तो सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पामुळे. ते ऑर्किड नव्हे, पण २००६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि नावातच डोंगर आला.

पावसाळी भुईआमरींत सगळ्यात मोठा गोतावळा हॅबेनारियाचा. त्यांची ठळक खूण म्हणजे फुलामागची लांब शेपटी. तिला शुंडिका म्हणतात आणि तिच्या टोकाशी मध असतो. शेपटी जितकी लांब, तितकी लांब सोंड असलेला पतंगच त्या मधापर्यंत पोहोचतो. मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळपास फूटभर शुंडिका पाहून डार्विनने १८६२ साली एवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे असे लिहिले होते. तो पतंग शास्त्राला कळायला १९०३ साल उजाडले.

पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटलेले एकच गोलसर पान आणि त्यातून निघालेल्या दांडीवर मोजकी पांढरी फुले असतील, तर ती हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असण्याची शक्यता मोठी. ऑगस्टच्या आसपास दांडीच्या एकाच बाजूला दाटीने बसलेली पांढरी फुले दिसली, टूथब्रशच्या केसांसारखी, तर हॅबेनारिया हेनियाना. फुलामागची शेपटी फुलाच्या कितीतरी पट लांब लोंबत असेल तर हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. फुले सोनेरी पिवळी आणि पानांना पिवळसर कड असेल तर हॅबेनारिया मार्जिनाटा. तळहाताएवढे पांढरे, सुगंधी फूल, ज्याच्या ओठाला दोन्ही बाजूंनी झालर आहे, ते पेक्टेलिस जायगँटिया. ते एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत करत नाही.

हॅबेनारियासारखेच दिसणारे, पण शेपटी अगदी आखूड किंवा पिशवीसारखी असलेले पेरिस्टायलस असू शकते. त्याची फुले बारीक, हिरवट-पांढरी असतात. इथे मात्र फोटोवरून थांबावे आणि जाणकाराला विचारावे, कारण या दोघांतला खरा फरक कुक्षीच्या रचनेत असतो. दांडीचा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा खाली वळलेला असेल तर जिओडोरम. पानांचा पत्ता नाही आणि जमिनीतून नुसता फुलांचा दांडा आला असेल तर युलोफियाचा विचार करावा. युलोफियाच्या काही जातींचे कंद अमरकंद म्हणून ओळखले जातात आणि औषधासाठी, खाण्यासाठी खणून काढले जातात. फुलांचा फोटो जागेसह उघड टाकला की कंद शोधणाऱ्यालाही पत्ता मिळतो.

फोटो कसा काढला तर नाव सांगता येते

जाणकारांकडे येणारे बहुतेक फोटो वरून काढलेले, एकाच फुलाचे आणि थोडे हललेले असतात. त्यावरून फार तर प्रजाती सांगता येते. चार फोटो लागतात. एक समोरून, ओठ आणि स्तंभ स्पष्ट दिसेल असा. एक बाजूने, शेपटी आणि पिळाचा बीजकोश दिसेल असा. हाच फोटो सगळ्यात उपयोगी आणि हाच बहुतेकांकडे नसतो. एक पूर्ण रोपाचा, तळाच्या पानांसह. एक जागेचा, म्हणजे पाणी कुठे आहे, सावली आहे का, भोवती काय उगवले आहे हे कळेल असा. उंची कळावी म्हणून शेजारी पेन किंवा नाणे ठेवावे. फूल तोडून तळहातावर घेऊन काढलेला फोटो देखणा येतो, पण त्यात पाने नसतात, मोजमाप नसते आणि एक फूल कमी झालेले असते.

ओळख सांगणाऱ्या अॅपचे उत्तर हा पहिला अंदाज धरावा. गूगल लेन्स रूपसाम्य शोधते; त्याला महिना ठाऊक नसतो आणि जमीन ओली होती की कोरडी हेही नाही. त्यामुळे ते नाशिकच्या कालव्याकाठी उगवलेल्या रोपाला युरोपातले नाव निर्धास्तपणे देऊ शकते. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांचा फायदा असा की तिथे फोटोसोबत तारीख आणि जागा जाते आणि इतर अभ्यासक नाव तपासू शकतात. आयनॅचरलिस्टवर नेमकी जागा झाकून ठेवण्याची सोयही आहे. ऑर्किडसाठी ती वापरावीच.

मग ते दुर्मीळ आहे का?

इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. झ्यूक्सिन जगाच्या हिशेबाने दुर्मीळ नाही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात पसरलेली आणि परदेशी हिरवळीतही रुजलेली वनस्पती नामशेष व्हायला आलेली नाही. तरीही एखाद्या तालुक्यात ती वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. ती लहान असते, फुलायचे आठवडे मोजके असतात, फूल नसताना ती गवतात मिसळते आणि गेल्या वर्षीच्या जागी यंदा उगवेलच याची खात्री नसते. म्हणून 'दुर्मीळ' या शब्दाआधी कुठे आणि कशाच्या तुलनेत हे सांगावे लागते. जिल्ह्यात फारशी नोंद नसलेली, असे म्हणणे बऱ्याचदा अधिक खरे ठरते.

नोंद आहे की नाही हे तपासायला आधार आहेत. नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर पी. लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांचा ग्रंथ १९९१ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. मुंबई परिसराच्या ऑर्किडांवर संतापाव आणि कापडिया यांचे पुस्तक १९६६ चे. त्याहून जुना संदर्भ थिओडोर कुक यांचा; त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची पूर्ण केली. पुण्यातले वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम इथे वाळवून जपलेले नमुने आहेत. सापडलेले फूल या ग्रंथांत आणि नमुन्यांत नसेल, तरच 'जिल्ह्यातली नवी नोंद' हा दावा सुरू होतो, आणि तोही तज्ज्ञाने फूल पाहिल्यावर.

उपटून का नेऊ नये

भावनेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी साधे कारण उरते: ते जगत नाही. ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे असते आणि त्यात रोपाला पोसायला अन्नसाठा जवळजवळ नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि अनेक भुईआमरी पुढेही त्या बुरशीवर कमी-अधिक अवलंबून राहतात. कुंडीत माती जाते, पण ती बुरशी टिकत नाही. रोप एखादा महिना हिरवे दिसते आणि मग बसते.

कायद्याची बाजूही आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. शिवाय जगातल्या सगळ्या ऑर्किडांचा समावेश साइट्स करारात असल्याने देशाबाहेरच्या त्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत.

नाशिकमध्ये अभयारण्याची आठवण होते ती नांदूरमध्यमेश्वरमुळे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्याने तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. सुमारे १,४३७ हेक्टरांच्या या क्षेत्राला हा दर्जा मिळाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. तिथे हिवाळ्यात गर्दी होते ती पक्ष्यांसाठी. दुर्बिणी पाण्यावर रोखलेल्या असतात आणि काठावरच्या गवताकडे क्वचितच कुणी पाहते. पण झ्यूक्सिनसारख्या रोपासाठी अभयारण्यापेक्षा बाहेरच्या साध्या जागाच अधिक नाजूक असतात: कालव्याची झिरपणारी कड, ओढ्याकाठचा हातभर चिखल, भाताचा बांध. कालव्याला सिमेंटचे अस्तर लागले की झिरप थांबते. बांधावर तणनाशक फवारले की गवताबरोबर सगळेच जाते. नाशिक शहरात गोदाकाठ बऱ्याच भागात घाटांनी बांधलेला आहे, तिथे ओल्या गवताला जागाच उरलेली नाही. अशा जागांना फलक नसतो, कुंपण नसते. तिथे काय उगवत होते याचा कागद असेल तर तो बहुधा कुणीतरी तारखेसह जपलेला फोटोच असतो.

म्हणून पोस्ट करायचीच तर तालुक्याचे नाव पुरे. नेमकी जागा स्वतःच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये ठेवावी आणि वनविभागाला किंवा अभ्यासकाला ती थेट कळवावी. पुढच्या जानेवारीत पुन्हा तिथे जावे. रोप दिसले नाही तर लगेच 'संपले' असे लिहू नये; ओल यंदा कुठवर आहे ते पाहून आजूबाजूच्या दहा पावलांत, तांबूस पानांच्या शोधात, खाली वाकून बघावे.